हळदीपर्यंत पोट जाईल का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार मॅडम. वय २८, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. चिंचवडला राहतो, चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. मार्गशीर्षात लग्न आहे, म्हणजे हातात पाच महिने. दीड वर्ष जिम करतोय. छाती, दंड बऱ्यापैकी आहेत, पण पोट काही हलत नाही. हळदीला उघड्या अंगाने बसायचं आणि वर ड्रोन फिरणार, या विचारानेच झोप उडते. जिममधले सर म्हणतात, बारा आठवड्यांचा 'कटिंग कोर्स' कर. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, सोबत स्टॅनोझोलॉलच्या गोळ्या आणि 'क्लेन'. स्टिरॉइडने चरबी जळते आणि मसल टिकतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मित्राने चार महिन्यांपूर्वी सुरू केलं. त्याचं पोट खरंच गेलं, मी डोळ्यांनी पाहिलंय. मला फक्त एवढंच सांगा: स्टिरॉइडने चरबी जळते की नाही? 'घेऊ नकोस' हे सांगू नका, ते आईने सांगून झालंय.
– एक नवरदेव, चिंचवड

प्रिय नवरदेवा,

आईने सांगितलंय ना, मग ते काम माझ्याकडून वजा. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, स्टिरॉइडने अंगातली चरबी कमी होते. थोडी होते. तुला वाटतंय तेवढी नाही आणि सर सांगतात त्या वाटेने तर नाहीच, पण होते.

हे 'हो' मी मुद्दाम आधी लिहिलं. आम्हा डॉक्टरमंडळींनी याबाबतीत एकदा नको तेवढी खात्री दाखवली आणि त्याची फळं अजून भोगतोय. १९७७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने जाहीर केलं की स्टिरॉइडने कामगिरी सुधारते याला ठोस पुरावा नाही. इकडे खेळाडू रोज आरशासमोर आणि वजनकाट्यावर उभे राहत होते, त्यांना पुरावा दिसतच होता. पुढे संस्थेने भूमिका बदलली. पण तोवर जिमोजिमी एक समज पक्का झाला होता: डॉक्टरला यातलं काही कळत नाही, आणि जो फायद्याबद्दल चुकीचं सांगतो तो तोट्याबद्दलही भीतीच घालत असणार. तुझे सर त्याच समजाचे वारसदार आहेत.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण हे वाचून कुणाच्या तरी आजी दम्याच्या गोळ्या बंद करतील. दमा-संधिवातात देतात ती काही औषधं, कोविडमध्ये दिलेलं डेक्सामेथासोन, हीसुद्धा स्टिरॉइडच, पण वेगळ्या घराण्यातली. ती जास्त दिवस घेतली तर पोट सुटतं, चेहरा गोल होतो. तुझे सर ज्याबद्दल बोलताहेत ती ॲनाबॉलिक स्टिरॉइडं, म्हणजे पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉन आणि त्याची प्रयोगशाळेत घडवलेली भावंडं. दम्याच्या औषधांशी त्यांचा संबंध आडनावापुरता.

आता 'जळते' या शब्दाकडे ये. टेस्टोस्टेरॉन भट्टी पेटवत नाही. मार्केट यार्डातला मुकादम पाहिलायस? आलेला माल कुठल्या गाळ्यात उतरवायचा हे तो ठरवतो. गेटवर ट्रक किती येतील हे त्याच्या हातात नसतं. टेस्टोस्टेरॉन तसं आहे. आपल्या अंगात काही कच्च्या पेशी असतात, ज्या पुढे स्नायूच्याही होऊ शकतात आणि चरबीच्याही. हे हार्मोन त्यांना स्नायूच्या गाळ्यात वळवतं. तयार चरबीच्या पेशींतून साठा उचलायला थोडी मदत करतं, पोटावरच्या चरबीत नवा माल भरणं थोडं मंदावतं. एवढंच त्याचं काम. ट्रक म्हणजे तुझं जेवण. ते कमी झालं नाही तर मुकादमाने कितीही आरडाओरडा केला तरी गोदाम रिकामं होत नाही.

'मसल वाढला की बसल्याजागी चरबी जळते' हे वाक्य तू ऐकलंच असशील. त्याचा हिशेब एकदा करून टाकू. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतो. समज, कोर्स करून तू पाच किलो अस्सल मसल कमावलास. दिवसाला ६५ कॅलरी. म्हणजे पाऊण पोळी, तीही तूप न लावता.

प्रयोगांत काय दिसलं ते सांगते. १९९६ साली लॉस एंजेलिसला शलेंदर भसीन यांच्या गटाने ४३ निरोगी पुरुषांवर एक नेटका प्रयोग केला. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, काहींना नुसतं तेलाचं इंजेक्शन. दोन्हींतल्या अर्ध्यांनी व्यायाम करायचा, अर्ध्यांनी नाही. सगळ्यांच्या जेवणावर लक्ष. पुरुषाचं शरीर स्वतः दिवसाला पाच-सात मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, त्यावरून ६०० चा अंदाज घे. व्यायाम आणि इंजेक्शन दोन्ही असलेल्यांचं चरबीविरहित वजन सरासरी सहा किलोंनी वाढलं. नुसत्या इंजेक्शनवाल्यांचं, व्यायाम न करता, तीन किलोंच्या वर. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं दोन किलोंच्या आसपास. डोळे चमकले ना? तुझे सर इथवरच सांगतात. त्याच प्रयोगात चरबीची टक्केवारीही मोजली होती. ती चारपैकी कोणत्याच गटात म्हणण्यासारखी बदलली नाही. ६०० मिलिग्रॅम देऊनही नाही, कारण जेवण तेवढंच ठेवलं होतं. ट्रक तेवढेच.

त्याच गटाने २००१ साली वेगवेगळ्या डोसचा प्रयोग छापला. त्यात डोस जसा चढत गेला तशी चरबी कमी भरली, आणि ज्यांना अगदी कमी डोस दिला त्यांची चरबी वाढली. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेव, पुढे तिच्यावरच येणार आहे. साठी उलटलेल्या पुरुषांना ऑक्सँड्रोलोन नावाची गोळी बारा आठवडे दिली तेव्हा चरबी दोन किलोंच्या आत-बाहेर कमी झाली. खरं तेच सांगायचं तर त्यांची चरबी गोळी थांबवल्यावरही बरीचशी परतली नाही. पण कमावलेला मसल मात्र पुढच्या बारा आठवड्यांत निघून गेला. म्हणजे 'हो'चं माप हे असं आहे: शून्य ते दोन किलो, काही प्रयोगांत थोडं अधिक. तुझ्या ९२ मधले.

मग मित्राचं पोट कुठे गेलं?

तू जे डोळ्यांनी पाहिलंस ते खोटं नाही, पण मित्राला विचार की चार महिन्यांत आणखी काय काय बदललं. माझा अंदाज सांगते. ज्या दिवशी त्याने कोर्सचे पैसे मोजले त्या दिवशी वडापाव सुटला, शनिवारची बिअर सुटली, डब्यात उकडलेलं चिकन आलं, एक दिवसही जिम चुकली नाही. एवढे पैसे घातल्यावर कोण चुकवेल? औषधाचा सगळ्यात मोठा परिणाम अनेकदा पाकिटावर होतो आणि पाकीट माणसाला शिस्त लावतं. त्यात स्टिरॉइडची एक खरी मदत असते, ती नाकारत नाही: पोटाला चिमटा काढून वजन उतरवताना मसल जातो तो जात नाही, उलट थोडा भरतो. म्हणून खांदे रुंद होतात, कंबर तेवढीच असली तरी बारीक दिसते. आणि तिसरा भाग पाण्याचा. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन बनतो, त्याने पाणी साठतं, तोंड सुजल्यासारखं होतं. स्टॅनोझोलॉल इस्ट्रोजेनमध्ये बदलत नाही, म्हणून अंग 'कोरडं' दिसतं, शिरा उठतात. जिमच्या भाषेत याचंच नाव कटिंग. पाणी न साठणं आणि चरबी जळणं या दोन गोष्टी आरशात सारख्याच दिसतात. कंबरेला टेप लावली की फरक कळतो.

'मुंबई श्री', 'महाराष्ट्र श्री'च्या स्टेजवरचं अंग डोळ्यांसमोर ठेवून तू पोटाकडे बघत असशील तर तेही आठव: ते अंग कित्येक महिन्यांच्या डाएटचं आणि शेवटच्या आठवड्यातल्या मीठ-पाण्याच्या खेळाचं असतं. आठ दिवसांनी तोच माणूस भाजी आणायला भेटला तर ओळखू येत नाही. माझं बालपण कोल्हापूरचं. तालमीतल्या पैलवानांना चांगली ढेरी असायची आणि त्यावरून कुणी त्यांची चेष्टा करायला धजत नसे. असो.

आता किंमत. यकृत खराब होतं वगैरे तुला माहीत आहे, गोळीच्या रूपातली स्टिरॉइडं त्यात पुढे असतात. मी तुझ्या हळदीपासून सुरू करते, कारण तुला काळजी तिचीच आहे. या औषधांनी पाठीवर, खांद्यावर मोठाले पुरळ येतात. नेमके हळद चोळतात तिथेच, ड्रोनच्या बरोबर खाली. घराण्यात टक्कल असेल तर केस गळण्याला जोर येतो. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं असं वर म्हटलं, त्यामुळे काहींच्या स्तनाग्राखाली गाठ धरते, ती पुष्कळदा औषध थांबवल्यावरही जात नाही आणि शस्त्रक्रिया करावी लागते. पोट लपवायला टी-शर्ट घालणारी मुलं मी पाहिली आहेत. छाती लपवायला दोन टी-शर्ट घालणारीही पाहिली आहेत.

हळद एका दिवसाची. लग्न त्यानंतरचं.

एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, लग्नाला तीन वर्षं झालेली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. मूल नाही म्हणून पहिलं दीड वर्ष तपासण्या बायकोच्या झाल्या. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, गर्भनलिकांचा दुखरा एक्स-रे झाला, सासूबाईंच्या सांगण्यावरून सोळा सोमवारही झाले. नवऱ्याची तपासणी कुणी सुचवली नाही, कारण त्याच्या दंडाकडे पाहून शंका घेण्याचं कुणाच्या मनातच आलं नाही. शेवटी वीर्यतपासणी झाली आणि कागदावर शुक्राणू शून्य. 'मॅडम, कोर्स लग्नाआधीच बंद केला होता,' तो म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, नंतर दोन 'छोटे' केले. त्यातही वाईट म्हणजे मधल्या काळात थकवा येतो म्हणून कुठेतरी तपासलं, टेस्टोस्टेरॉन कमी निघालं आणि तिथल्या डॉक्टरने टेस्टोस्टेरॉनचंच इंजेक्शन सुरू केलं. आगीत तेल.

यात घडतं ते असं. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे असं तिला दिसलं की ती वृषणांना ऑर्डर पाठवणं बंद करते. ऑर्डर नाही म्हणून कारखाना बंद, आणि बंद कारखाना आकसतो, शब्दशः. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत निम्म्याहून बऱ्याच अधिक पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. तुझे सर तुला जे देताहेत ते लग्नाच्या तोंडावर घ्यायचं गर्भनिरोधक आहे. अशा चाचण्यांतल्या पुरुषांत थांबवल्यावर वर्षभरात दहापैकी नऊ जणांची संख्या पूर्ववत झाली, दोन वर्षांत जवळपास सगळ्यांची. पण तिथे औषध मोजूनमापून दिलेलं होतं. जिममधल्या तीन-तीन औषधांच्या मिश्रणाची कुणी हमी देत नाही. माझ्या त्या पेशंटला उपचार देऊनही शून्यावरून पुढे सरकायला वर्षाहून जास्त लागलं.

आणि आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. कोर्स संपतो तेव्हा बाहेरचं टेस्टोस्टेरॉन गेलेलं असतं आणि घरचं सुरू झालेलं नसतं. कमी डोसवाल्यांची चरबी वाढली होती ना, तू त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतोस. मसल उतरतो, इच्छा मरते, उदास वाटतं, पोट परत डोकं काढतं. तुझ्या तारखा मांडून बघ. आता सुरू केलास तर बारा आठवडे नवरात्राच्या आसपास संपतात. म्हणजे ही पडझड नेमकी तुझ्या लग्नाच्या महिन्यात येणार. सर तेव्हा काय सांगतील तेही सांगते: 'अजून एक छोटा मारू.' लग्नाआधीचा कोर्स लग्नानंतर का सुटत नाही याचं कारण बहुतेकदा हे असतं, हौस नव्हे.

हृदयाबद्दल थोडक्यात लिहिते, पण थोडक्यात लिहिलं म्हणून हलकं समजू नकोस. ही औषधं चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, खाली ओढतात. रक्त दाट करतात. हृदयाच्या भिंती जाड करतात. २०१७ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेल्या ८६ वेटलिफ्टरांची तुलना न घेणाऱ्या ५४ जणांशी केली. दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर फेकतं ते मोजलं तर न घेणाऱ्यांत ६३ टक्के, घेणाऱ्यांत ५२. डेन्मार्कमध्ये साध्या जिममध्येही उत्तेजकांची तपासणी होते. तिथे पकडल्या गेलेल्या १,१८९ पुरुषांचा माग काढला, तेव्हा त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या जवळपास तिप्पट निघालं. हा अभ्यास २०२४ चा. ही माणसं तरुण होती.

'क्लेन' म्हणजे क्लेनब्युटेरॉल. ते स्टिरॉइड नाहीच. घोड्यांच्या श्वासाच्या आजारात वापरतात ते औषध. चरबीवर त्याचा परिणाम असतो, पण हात थरथरतात, छाती धडधडते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि एकदा घेतलं की दीड दिवसात जेमतेम निम्मं बाहेर पडतं. नाइट शिफ्टमध्ये पाच चहांवर हे नको. जिममध्ये मेफेंटरमिनची बाटलीही फिरत असेल तर ती ऑपरेशन थिएटरमधली आहे, भूल दिल्यावर बीपी कोसळलं तर वापरायची. महाराष्ट्रात पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने तिचे साठे वारंवार पकडलेत. तिच्याने चरबीही जात नाही आणि मसलही येत नाही, नुसती झोप जाते.

ही सगळी औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. म्हणून ती चोरवाटेने येतात, आणि त्या वाटेने आलेल्या कुपीत लेबलवरचंच औषध आहे की नुसतं तेल हे सरांनाही माहीत नसतं. सर वाईट माणूस असतील असं मी म्हणत नाही. फक्त एकदा विचार त्यांना, या कोर्समागे तुम्हाला किती सुटतात.

आता पाच महिन्यांचं बोलू. ते कमी नाहीत. आठवड्याला अर्धा किलो या चालीने वीस आठवड्यांत दहा किलो, म्हणजे ८२. ऑक्सँड्रोलोनच्या प्रयोगात गेलेल्या दोन किलोंच्या साधारण पाचपट, आणि तेही ट्रक कमी करून. पोट पूर्ण सपाट होईल असं वचन देत नाही. कंबर तीन-चार इंच उतरेल आणि तुझे दीड वर्षाचे खांदे दिसू लागतील. यासाठी रोज साधारण ५०० कॅलरी कमी करायच्या. तू शिफ्टवाला आहेस, म्हणून मी चहापासून सुरुवात करेन. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे ३०० कॅलरींच्या आसपास. एक वडापाव तेवढाच. मोठ्या बाटलीतली बिअर तेवढीच. यातल्या दोन गोष्टी सुटल्या की पोळीला हात लावायची गरज नाही.

प्रथिनं मात्र वाढव. रोज ११० ते १३० ग्रॅम. तालमीतला 'खुराक' हा शब्द मला 'डाएट'पेक्षा आवडतो, कारण त्यात काय खायचं हे आहे, काय नाही खायचं हे नाही. चार अंडी म्हणजे २५ ग्रॅम. शिजलेलं २०० ग्रॅम चिकन म्हणजे ५० च्या वर. दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण म्हणजे बारा-चौदा. दही आहे, ताक आहे, आणि कमी पडलं तर व्हे प्रोटीनचा एक मोजचमचा (स्कूप). तेवढ्याला माझी हरकत नाही.

खरी अडचण पंचांगाची आहे. तुझ्या वाटेत श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं येतंय. श्रावणात घरी अंडं-चिकन बंद होत असेल तर सोयाबीनच्या वड्या आण. कोरड्या ५० ग्रॅम वड्यांत २५ ग्रॅम प्रथिनं असतात. सोबत पनीर आणि मोड आलेले मूग. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी हा निव्वळ पिष्टाचा डोंगर, त्यापेक्षा वरईचा भात आणि दाण्याची आमटी, सोबत वाटीभर दही. मोदक खा, दोन. आणि दिवाळी संपली की केळवणं सुरू होतील. मावशी, आत्या, काकू, कंपनीतले मित्र, आणि प्रत्येकीला वाटणार की मुलगा वाळलाय. केळवणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी पेशंटना सांगते की आठवड्याला दोनच घ्यायची, बाकीची लग्नानंतर जोडीने. नात्यातली माणसं यावर रुसत नाहीत, उलट जोडीने आलेली आवडतात.

जिममध्ये वजनं हलकी करू नकोस. 'कटिंग' म्हणून हलकं वजन आणि शंभर रेप्स हाही एक गैरसमज आहे. मसल टिकवायचा तर जड उचलावं लागतं. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. रोज आठ-दहा हजार पावलं. क्रंचेसने पोटाची चरबी जात नाही, तो वेळ चालण्यात घाल. झोप घोरत होते का, हे घरच्यांना विचार. घोरणं जोरात असेल, दिवसा डुलक्या येत असतील, तर ते सांगायला डॉक्टरकडे जा. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचं वजन हट्टाने उतरत नाही.

पोट हलत नाही याला कारण आहे का हेही बघायला हवं, ते दीड वर्षात कुणी पाहिलेलं दिसत नाही. थायरॉइडसाठी टीएसएच, साखरेसाठी उपाशीपोटी आणि तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल, यकृत, आणि बीपी. थकवा येत असेल आणि इच्छा कमी झाली असेल तरच टेस्टोस्टेरॉन, तेही सकाळी दहाच्या आत. ते थोडं कमी निघालं तर सरांना सांगू नकोस, ते टाळ्या वाजवतील. लठ्ठपणानेच ते कमी होतं आणि वजन उतरलं की आपलं आपण वर येतं.

शेवटी एक गोष्ट जी सल्ल्याच्या सदरात लिहावी की नाही यावर मी दोनदा विचार केला. चरबी कमी करण्यासाठी औषधच हवं असेल तर तसं औषध आज आहे, चिठ्ठीवर मिळतं, आणि ते स्टिरॉइड नाही. सेमाग्लुटाइडने मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं, टिर्झेपटाइडच्या सर्वात मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. वजनासाठीची ही दोन्ही इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. ती भूक कमी करतात, म्हणजे थेट गेटवरच ट्रक थांबवतात. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३१ आहे, कागदावर तू त्यात बसतोस. पण खर्च येतो, मळमळ होते, प्रथिनं आणि व्यायाम नसेल तर मसलही जातो, थांबवली की वजन परत येऊ लागतं. मी तुला ती लगेच लिहून दिली नसती, आधी तीन महिने खुराकाचा हिशेब मागितला असता. पण तू ती मागायला डॉक्टरकडे गेलास तर मला वाईट वाटणार नाही. जिममधल्या 'पेप्टाइड'च्या निनावी कुप्यांपासून मात्र लांब राहा.

आणि तुझा मित्र. त्याला हे पत्र दाखव, पण उपदेश करू नकोस. त्याचं बीपी कधी मोजलंय का एवढंच विचार. त्याला हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट, कोलेस्टेरॉल, यकृत आणि हृदयाचा इको करून घ्यायला सांग, आणि डॉक्टरला काय काय घेतो ते नावासकट सांगायला सांग. आम्ही पोलिसांना फोन करत नाही. कोर्स मनाने अचानक तोडून आठवड्याने परत सुरू करणं, हे तर अजिबात नको. थांबवल्यावर जी उदासी येते तिच्यात माणूस एकटा नसलेला बरा. छातीत दुखलं, जिना चढताना दम लागला किंवा एकच पाय सुजला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. तो लाजत असेल तर तू सोबत जा. सोमवारी सकाळी तुला उपाशीपोटी लॅबमध्ये जायचंच आहे, त्यालाही उठव.